मिठाच्या पाण्याचा गट

म्हात्रे पुलाच्या अलीकडे, तिसऱ्या मजल्यावर
आमचं प्राणिघर. खिडकी नाही.
दिवा सहाला लागतो, सहाला मालवतो,
बाहेर पुण्यात काय वाजलंय
याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

अठ्ठेचाळीस पांढरे उंदीर, सगळ्या माद्या.
शेपटीवर मार्करनं आकडे,
दर चार दिवसांनी पुन्हा गिरवायचे,
कारण त्या चाटून चाटून परत बिननावाच्या होतात.

मांडीचं हाड काडेपेटीतल्या काडीहून आखूड.
ते मी मोडलं.
प्रस्तावात लिहिलं होतं, ‘प्रमाणित अस्थिभंग निर्माण केला’,
पण बोटांना कळतं ते मोडणंच.
भूल दिली होती. आत तारही घातली होती आधी.
वरून वजन पडतं आणि टक् असं वाजतं,
कुणी शेजारी बसून चणा फोडावा तसं.

मग रोज सकाळी चोवीस जणींना संप्रेरक,
चोवीस जणींना मिठाचं पाणी.
सुई तीच. मानेमागची कातडी तशीच चिमटीत.
“ह्यांनी काय पाप केलं?” मुलाणीकाका विचारतात.
तुलनेला कुणीतरी लागतं ना, मी म्हणते.
ते भुसा बदलत राहतात.
“हां. आमच्या घरात तो मी.”

त्यांचं उजवं मनगट वाकडं आहे.
सातवीत बोरीवरून पडले,
हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, वर उडदाचं पीठ.
थोरल्या भावाचा पाय मात्र ससूनला नेला होता.
बत्तीस वर्षं तेच मनगट पिंजरे उचलतंय.

ऑगस्टात नदीपात्रात ढोलांचा सराव सुरू झाला.
आवाज भिंतीतून नाही, फरशीतून यायचा.
बाटल्यांतलं पाणी थरथरायचं
आणि अठ्ठेचाळीस जणी एकदम थांबायच्या,
मिशांसकट.
भीतीचंही संप्रेरक असतं. ते हाडाला रेंगाळायला लावतं.
मी नोंदवहीत लिहिलं: सायं. ७ ते ९.३०, ढोल.
पुढे एका परदेशी परीक्षकानं विचारलं,
‘ढोल’ हे द्रव्य किती मात्रेत दिलं?
मी खूप हसले. मग उत्तर लिहायला बसले
तर मात्रा मलाही सांगता येईना.

घरी फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी,
आईचं इंजेक्शनचं पेन असतं. तेच संप्रेरक.
रात्री पोटाची वळी धरून ती स्वतःच टोचून घेते,
म्हणते, “आण गं, तुझ्या उंदरांचं.”
मी आणून देते.

तिसऱ्या आठवड्यात क्ष-किरण चित्रं काढली.
संप्रेरकवाल्यांची भेग बुजत आलेली.
आकडे छान होते, सरांनी चहा मागवला.
सतरा नंबर, मिठाच्या पाण्याची,
तिच्या भेगेभोवती नुसतं धुकं.
हाड आधी विचार करताना दिसतं,
ठरवतं नंतर.
पण ती मागच्या दोन्ही पायांवर उभी राहून
जाळीला नाक लावत होती.

अठ्ठाविसाव्या दिवसाच्या रकान्याला
आम्ही ‘समाप्ती’ म्हणतो.
हाड जुळलं का, हे बघायला ते बाहेर काढावं लागतं.
आणि किती जुळलं, हे कळायला
यंत्रात धरून पुन्हा मोडावं लागतं.
त्या दिवशी मुलाणीकाका रजा घेत नाहीत.
बाटल्या धुतात, एकेक, आतून ब्रश फिरवून.

“सतराचं किती आलं?”
एकसष्ट न्यूटन, मी सांगितलं.
“म्हणजे?”
म्हणजे सहा किलो. मंडईतून भरून आणलेली पिशवी.
बाकीच्यांचं बरंच जास्त आलं.

“सहा किलो,” ते म्हणाले.
नळ चालू होता.
त्यांनी पाण्याखाली मनगट वळवून पाहिलं,
जिथवर वळतं तिथवर.